माळ्यावरचा शांत माणूस

गुरुवार, २० सप्टेंबर १९७९

विमल आज सकाळच्या एस.टी.ने माहेरी गेली. दसऱ्यासाठी गेली आहे. भांडून वगैरे गेलेली नाही. शेजारच्या सुलाबाई गॅलरीत येऊन म्हणाल्या, 'गेल्या का हो शेवटी?' शेवटी म्हणजे काय? मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं. मोठ्याने विचारावं लागलं, कारण तोवर त्या आत जाऊन दार लावून बसल्या होत्या.

काल जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावायला नको. दाराच्या वर आमच्या वडिलांचा फोटो आहे. फोटोच्या मागे चिमण्यांचं घरटं होतं. विमल त्यांचे फार लाड करते. मी चहा पीत होतो. वरून काडी पडली, नेमकी चहात. काही बोललो नाही. काडी काढली. दुसरी पडली. मग मी स्टुलावर चढलो, घरटं उपसलं आणि खिडकीबाहेर टाकलं. आत अंडी होती हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. विमल खाली जाऊन बघून आली. आज सकाळी पिशवी भरली आणि दारात एवढंच म्हणाली की, 'डोकं थंड झालं की निरोप पाठवा.'

डोकं थंडच आहे. बशी मी फेकली नव्हती. स्टुलावरून उतरताना पाय लागून उडाली. भिंतीपर्यंत.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

डोकं ठणकत होतं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला, पुन्हा हवा भरली. विचारलं, फार रागावता का? म्हटलं, मुळीच नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत फिरा, सुट्टीला सहली काढा, झाडं बघा, पक्षी बघा. गोळ्यांपेक्षा बरं.

पटलं. शरद ऋतू सुरूच झाला आहे. नाशिकसारखी हवा जगात कुठे नाही. निळं आकाश, स्वच्छ ऊन, मंद वारा. (आज वारा नव्हता. बनियन पिळून वाळत घालावा लागला. पण हा अपवाद.) प्रोग्रॅम नक्की केला. रोज पहाटे फिरायला जाणे, रविवारी सहल, पक्षिनिरीक्षण, आणि कोणावरही न रागावणे. शेवटचं मी तसंही करत नाही, पण लिहिलेलं बरं. दिवाळीपर्यंत मी पक्ष्यांचा जाणकार झालेला असेन. विमल तोंडात बोट घालेल.

वाचनालयातून पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक आणलं. बदकांची पानं कोणीतरी फाडून नेली आहेत. असल्या माणसाला चौकात उभा करून फोडला पाहिजे.

शनिवार, २२ सप्टेंबर

आमच्या ऑफिसातला शिपाई पुंजा विमलच्याच गावचा. निफाडच्या पुढे, गोदाकाठी. दर शनिवारी घरी जातो. त्याच्याबरोबर निरोप पाठवला की डोकं थंड झालं आहे.

रविवार, २३ सप्टेंबर

देवळाली कॅम्पच्या बाजारातून जुनी मिलिटरी दुर्बीण घेतली. कुठल्या तरी सुभेदाराची होती म्हणे. भक्कम माल. उजव्या डोळ्याने लांबचं जवळ दिसतं. डाव्याने धुकं दिसतं. दुकानदाराला म्हटलं, हे धुकं काय आहे? तो म्हणाला, 'साहेब, एक डोळा मिटून घ्या.' हा सल्ला झाला?

कॅम्पच्या बाहेर तारेवर खंड्या बसला होता. निळाशार. दुर्बीण लावली, डावा डोळा मिटला, खंड्या बरोबर मधोमध आला आणि तोफ उडाली. सराव चालू होता. खंड्या गेला. मी पुढच्या खांबापर्यंत गेलो. पुन्हा खंड्या, पुन्हा तोफ. देशाचं रक्षण करा, माझी ना नाही. पण सकाळच्या वेळी, पक्ष्यांच्या टायमाला? पहाऱ्यावरच्या जवानाला हे समजावून सांगितलं. त्याने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं आणि नाव-गाव विचारायला सुरुवात केली. मी शांतपणे निघून आलो. जरा जलद, पण शांतपणे.

सोमवार, २४ सप्टेंबर

पुंजा परत आला. विमलने निरोप ऐकून एवढंच विचारलं म्हणे, 'एवढ्यात?'

दिवसभर हा शब्द डोक्यात घण घालतो आहे. एवढ्यात म्हणजे काय? पुंजाला म्हटलं, कसं म्हणाली, हसत की रागाने? तो म्हणाला, 'भाकरी थापता थापता म्हणल्या, साहेब.' माणसाने काय अर्थ लावायचा?

बुधवार, २६ सप्टेंबर

पहाटे नदीकाठाने सोमेश्वरच्या वाटेला. हवा प्रसन्न. मनाला इतकी शांतता वाटत होती की रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलाही मी वळसा घालून गेलो.

मग टिटवी. मी तिचं काही केलं नव्हतं. नुसता चाललो होतो, सरकारी रस्त्याने. तिने डोक्यावर येऊन जो आरडाओरडा सुरू केला तो थांबेना. मी थांबलो तरी ओरडते. चाललो तरी ओरडते. मागे फिरलो तर दुप्पट. मी तिला म्हटलं, रस्ता तुझ्या बापाचा आहे का? धुणं धुणाऱ्या बायका बघायला लागल्या. एकटा माणूस आकाशाशी भांडतो आहे असा त्यांचा समज झाला असावा. मी टिटवीला दगड मारला नाही. दगड हातात होता, ही गोष्ट वेगळी.

परत येताना खडकावर परीट पक्षी दिसला. पुस्तकात लिहिलं आहे की हा पावसाळा सरला की उत्तरेकडून येतो, हा आला म्हणजे शरद आला. दुर्बीण लावली. सारखी शेपटी वरखाली, वरखाली, माझ्याकडे बघून. काही कारण नसताना. पाच मिनिटं सहन केलं.

रविवार, ३० सप्टेंबर

सहल. गंगापूर धरण. डबा नव्हता, पाव आणि केळी घेतली. पाण्याच्या कडेला बगळ्यांचा थवा. पांढरे, ओळीने, एका पायावर. काय शिस्त! आमच्या ऑफिसात नाही. दुर्बिणीतून मोजायला घेतले.

मागून एक कुटुंब आलं. पोरं, चादर, भजी आणि ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर मोठा लावला. निसर्गात येऊन यांना सिनेमाची गाणी हवीत! अर्धं गाणं सहन केलं. मग उठलो आणि त्यांना एवढंच म्हणालो की, 'शांतता राखा!' ट्रान्झिस्टर बंद झाला. एक पोर रडायला लागलं. आणि बगळे, सगळेच्या सगळे, उडून पलीकडच्या काठाला गेले.

ट्रान्झिस्टरला एवढा वेळ उडाले नव्हते, तेव्हा ट्रान्झिस्टरचा परिणाम उशिरा झाला असणार.

मंगळवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंती. सुट्टी. दिवसभर मौन पाळायचं ठरवलं. मनःशांतीला उत्तम.

दूधवाला आला. दुधात पाणी. मौन असल्यामुळे खुणेने सांगितलं. त्याला कळेना. खूण जरा मोठी केली. तो दुधाच्या किटलीसकट मागे सरकला आणि सुलाबाईंच्या तुळशीवर पडला. सुलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, 'सणासुदीला हात कशाला उगारता हो?' मी हात उगारला नव्हता, पाण्याची खूण केली होती. हे त्यांना समजावण्यासाठी मौन सोडावं लागलं. ते संध्याकाळपर्यंत सुटलेलंच राहिलं.

बुधवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्याला थांबलेला पुंजा आज आला. मेहुण्याचा, खंडेरावचा निरोप आहे. रविवारी या, जेवायलाच या. आणि विमलचं म्हणणं असं की, रविवारी दिवसभर सगळ्यांच्या समोर न रागावता राहून दाखवा. राहिलात, तर संध्याकाळच्या गाडीने मी तुमच्याबरोबर येते. दिवाळी आपल्या घरी.

हे ऐकून संताप आला. परीक्षा! नवऱ्याची! एक दिवस! मी वर्षानुवर्षं न रागावता राहिलो आहे, त्याचं काही नाही. टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत उलटली. पुंजा फडकं घेऊन आला. तयारीतच होता.

पण जाणार. आणि दाखवून देणार.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

कोजागिरी. दूध एकट्यासाठी आटवलं. उतू गेलं. स्टोव्ह नालायक आहे.

रविवार, ७ ऑक्टोबर. सकाळी, सासुरवाडीला

पोचलो. एस.टी.त कंडक्टरशी जे झालं ते धरायचं नाही, कारण ते सासुरवाडीच्या हद्दीबाहेर झालं.

स्वागत झकास. पायावर पाणी, चहा, पोहे. सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, 'जावईबापू वाळले.' विमल चुलीपाशी होती. माझ्याकडे बघितलं. हसली नाही, पण बघितलं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकवून तिची पिशवी ठेवली आहे. गच्च भरलेली, बंद बांधलेली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मला आतून इतकं बरं वाटलं की पोह्यांत खडा लागला तो मी गिळून टाकला.

घरात गडबड आहे. सगळ्यांना नदीकडच्या वावरात कांद्याची रोपं लावायला जायचं आहे. वावर म्हणजे शेत. बाजरी इकडे घराजवळच्या वावरात उभी आहे, आठवड्यात काढणी. खंडेराव दोन-तीनदा काही बोलायला आला आणि डोकं खाजवून गेला. शेवटी म्हणाला, 'दाजी, तुमाला पाखरांचा नाद लागला म्हणं. पुंजा सांगत व्हता. मंग बाजरीत माळा हाय ना आपला. वर नुसतं बसा. हवा लय झ्याक लागते. पाखरं बी लय येतात.' सासूबाईंनी त्याच्यावर डोळे वटारले, जावयाला कसलं सांगतो म्हणून. तो घाईघाईने म्हणाला, 'काम नाय काई! नुसतं बसायचं. वाटलंच तर डबा वाजवा, गोफण फिरवा. करमणूक व्हते.'

मेहुणा असावा तर असा. काय अगत्य!

तोच दिवस, माळ्यावरून

हे माळ्यावर बसून लिहितो आहे. माळा म्हणजे चार लाकडी खांबांवर बांधलेलं मचाण, वर पाचटाचं छप्पर. चहूकडे बाजरी, माणसाच्या वर गेलेली, कणसं हातभर. सगळ्या घराची वर्षाची भाकरी यात आहे असं खंडेराव जाताना म्हणाला. दर दिवाळीला यातलंच एक पोतं आमच्याकडे येतं. खाली सावलीत पाण्याचा माठ. वारा खरोखरच मंद. आकाश खरोखरच निळं. गोफण मिळाली. पाखरांना दगड मारायचं रानटी साधन. घडी करून बुडाखाली घेतली, चांगली मऊ बैठक झाली. पत्र्याचा डबा उपडा ठेवून त्यावर रोजनिशी लिहितो आहे.

चिमण्या आल्या. दहा-वीस. कणसावर बसून दाणे टिपतात ते दुर्बिणीतून बघण्यासारखं आहे. कणीस वाकतं, त्या उलट्या होतात, पण सोडत नाहीत. राग आला नाही. अजिबात नाही.

पोपट आले. पोपट कणीस तोडून पायात धरतो आणि एखाद्या साहेबासारखं खातो. अर्धं टाकून दुसरं घेतो.

शेजारच्या वावरातही माळा आहे. त्यावर वाळू नावाचा गडी बसला आहे. तो सारखा ओरडतो, 'होऽऽ हा!', डबा बडवतो, दगड भिरकावतो. त्याच्या बिचाऱ्या पक्ष्यांना बसायला जागा नाही. ते सगळे उडून माझ्याकडे येतात. साहजिक आहे. पाखरांना माणूस कळतो.

वाळू आता माझ्याकडे बघून हात हलवतो आहे. दोन्ही हात. ओरडतोही आहे. मी ओठावर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली. त्याने कपाळावर हात मारला. वर्षापूर्वी मी अशा माणसाला खाली उतरून जाब विचारला असता. आज नुसतं स्मित केलं. माझ्यात किती फरक पडला आहे हे मलाच जाणवतं आहे.

भोरड्या! थवा नव्हे, ढग! नदीकडून आला, एकदा वावरावरून फिरला, सगळा एकदम वळला आणि बाजरीत उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं. पुस्तकात चित्र आहे, हुबेहूब. फार लांबून, परदेशातून येतात म्हणे. पाहुणेच. एवढा किलबिलाट की वाळूचं ओरडणं ऐकू येईना. सगळी बाजरी हलते आहे, वारा नसताना. मी श्वास रोखून बसलो आहे. जन्मात इतका शांत कधी नव्हतो. डोकं गार, हातपाय गार. डॉक्टर, पट्टा आणा आणि मोजा आता! विमलने आत्ता बघायला हवं होतं.

विमल येताना दिसते आहे. बांधावरून, डोक्यावर भाकरीची पाटी. बरोबर वेळेला.

तोच दिवस, रात्री, नाशिक

घरी आलो. एकटा.

जे झालं ते क्रमाने लिहितो. विमल बांधापाशी थांबली. पाटी खाली ठेवली. मग जी धावत सुटली ती थेट बाजरीत. हात वर, पदर खांद्यावरून घसरलेला, ओरडते आहे, टाळ्या वाजवते आहे, काठीने बाजरीची ताटं झोडपते आहे. मला वाटलं साप निघाला. भोरड्या उठल्या. मी वरून हळू आवाजात तिला म्हणालो की, 'हळू! उडतील ना!'

ती थांबली. वर बघितलं. ते बघणं मी लिहू शकत नाही.

मग सगळे आले. वाळूने नदीकडे जाऊन बोलावून आणलं होतं. खंडेरावने एक कणीस तोडून तळहातावर चोळलं, फुंकर मारली. सगळं उडून गेलं, हातावर काही राहिलं नाही. दुसरं चोळलं. तेही तसंच. माळ्याभोवतीचा सगळा पट्टा पार बांधापर्यंत रिकामा. मला वाटलं आता हा बोलणार. मी तयारीत होतो. तर तो म्हणाला, 'जाऊ द्या दाजी. पाखरांना बी पोट हाय.' सासूबाई म्हणाल्या, 'ऊन लागलं आसंल जावईबापूंना. पाणी द्या त्यांला.' कोणी एका शब्दाने बोललं नाही. जावई ना मी! मी म्हटलं, मला स्पष्ट का नाही सांगितलं, पाखरं हाकला म्हणून? खंडेराव खाली बघून म्हणाला, 'जावयाला काम कसं सांगावं, दाजी?'

इथपर्यंत मी रागावलो नव्हतो. याला सगळे साक्षीदार आहेत. मी विमलला तसं म्हणालोही. म्हटलं, अट पूर्ण झाली, सकाळपासून एकदाही आवाज चढवला नाही, घे पिशवी.

विमल म्हणाली, 'घरात दोन चिमण्या होत्या. एक काडी पडली तर तुम्ही त्यांची अंडी फोडलीत. इथे माझ्या भावाचं वर्षाचं खाणं डोळ्यांदेखत गेलं आणि तुम्हाला राग आला नाही.' मग अगदी सावकाश म्हणाली, 'म्हणजे राग आवरता येतो तुम्हाला. फक्त घरी आवरायचा नसतो.'

काडी एक नव्हती, दोन होत्या. हे मी तिला सांगितलं. मोठ्याने. नंतर काय काय बोललो ते नीट आठवत नाही. खंडेराव, त्याची बाजरी, त्याचा माळा, वाळू, पुंजा, कंडक्टर, लष्कर, सगळ्यांचं निघालं. पाखरं हाकलायचीत ना, हाकलून दाखवतो, म्हणून मी गोफण उचलली. तोवर वावरात एकही पाखरू नव्हतं. तरी दगड घालून गरगरा फिरवली. दगड पुढे जायला हवा होता. तो मागे गेला आणि माठाला लागला.

सगळे पाणी वाहताना बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, 'जुनाच व्हता.'

निघताना घरात गेलो तेव्हा पिशवी भिंतीशी नव्हती. विमलच्या साड्या पुन्हा दांडीवर टाकलेल्या होत्या.

सोमवार, ८ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. चूक कोणाची? अर्धवट बोलणाऱ्या खंडेरावची. 'हवा खा' म्हणायचं आणि मनात 'राखण करा' ठेवायचं! जावयाचा मान ठेवायचा म्हणून जावयाला खड्ड्यात घालायचं! हाड तोडून हातात द्यावंसं वाटतं. दुसरी चूक डॉक्टरांची. पक्षी बघा म्हणाले. कुठले बघायचे आणि कुठले हाकलायचे ते सांगितलं नाही. इतका राग आला आहे की फिरायला गेलो नाही.

पुस्तक वाचनालयात परत केलं. ग्रंथपाल म्हणाला, बदकांची पानं फाडलेली आहेत. मी आधीच सांगितलं होतं! तो म्हणतो, नोंद नाही. यावर मी जे बोललो त्यामुळे माझं सभासदत्व तूर्त स्थगित आहे.

सोमवार, १५ ऑक्टोबर

पुंजाने खबर आणली. उरलेली बाजरी राखायला आता विमल माळ्यावर बसते. 'गोफण आशी हाणतात का, वाळू बी बघत राहतो. एक पाखरू बसत नाय. आन् वरडतात काय, साहेब! पार शिवंपर्यंत आवाज येतो.'

मी म्हटलं, शक्य नाही. विमलने उभ्या आयुष्यात आवाज चढवलेला नाही. पुंजा म्हणाला, 'चढवला तर. शिव्या बी देतात पाखरांना.' म्हटलं, विमलला शिव्या येत नाहीत. पुंजा फडक्याने टेबल पुसत राहिला. मग म्हणाला, 'तुमच्याच हायेत, साहेब. वळखल्या मी.'

त्याला बाहेर जायला सांगितलं. सांगितलं म्हणजे तो आपणच गेला.

शनिवार, २० ऑक्टोबर

दिवाळी. खाली फटाके. सुलाबाईंनी फराळाचं ताट पाठवलं, स्वतः आल्या नाहीत.

सकाळी पुंजा गावाकडे जाण्याआधी येऊन गेला. परवा कामासाठी मधेच गावी जाऊन आला होता तेव्हा सासूबाईंनी बाजरी दिली होती, ती आणली. पोतं नाही, पिशवी आहे. 'जावयाचा वाटा चुकवायचा नाय, म्हणल्या.' विमलचं विचारलं. हळू आवाजात विचारलं, त्याला दोनदा ऐकावं लागलं. म्हणाला, 'बाजरी झाली काढून. आता ज्वारी हाय. ज्वारीला पाखरं लय. तिची राखण झाली का बघू, म्हणल्या.'

ज्वारी आत्ता कुठे वीतभर वर आली आहे असंही त्याने सांगितलं. कणसात यायला संक्रांत तरी उजाडेल.

भाकरी मला येत नाही. पिशवी टेबलावर उघडी ठेवली. दुपारी दोन चिमण्या खिडकीतून आल्या. टेबलावर उतरल्या, दाणे टिपले, वर वडिलांच्या फोटोमागे गेल्या. पुन्हा आल्या, या वेळी चोचीत काड्या. दुर्बिणीची गरज नव्हती.

चहा केला. बसलो. काडी पडली, नेमकी कपात. मी उठलो. तोंड उघडलं. वर बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

राग आला नाही. ऐकायला कोणी नव्हतं.

काडी बोटाने बाजूला केली आणि चहा प्यायलो. निवला होता.